कोळ्यांच्या बहनजी

झाशीत जन्मलेला मराठी माणूस थोडा तिरपागडा नसेल तर खुशाल समजावं, की तो परवाच बदली होऊन आलाय. हे मी कोणाला हिणवायला म्हणत नाही. आमच्या घरात तर सासऱ्यांपासून माझ्यापर्यंत कोणीच सरळ नव्हतं. चहूकडे हिंदी आणि बुंदेली, मधे आम्ही मूठभर घरं. आपलं ते जपायचं म्हटलं की माणूस हट्टी होतोच. पण हट्टातसुद्धा प्रतवारी असते, आणि त्यात पहिला नंबर आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंचा. मी त्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणत असे. बाकी सगळी शाळा पाठीमागे त्यांना ‘मकडी बहनजी’ म्हणायची. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती.

आणि म्हणालं असतं कोणी, तर त्या चिडल्या असत्या त्या ‘मकडी’ शब्दावर. स्वतःला नाव ठेवल्याचं त्यांना काही वाटत नसे. “मकडी म्हटलं की लोकांना जाळं दिसतं आणि झाडू आठवतो,” त्या म्हणायच्या. “माझे कोळी जाळं लावून लोकांच्या वाटेत बसत नाहीत. आपल्या घरात, आपल्या दाराआड राहतात.” म्हणून हिंदीत बोलतानाही त्या ‘मकडी’ म्हणत नसत, ‘कोळी’च म्हणत. हिंदीत ळ नाही, तेव्हा त्याचं ‘कोली’ व्हायचं. शाळेतल्या मुलींना ते पाठ झालं होतं. या एका शब्दाने पुढे काय रामायण घडवलं ते सांगतेच, पण आधी बाई कळायला हव्यात.

ताई राहायच्या दतिया गेटजवळ, गल्लीच्या तोंडाशी, दोन खोल्यांत. घराणं जुन्या कारकुनांचं. लग्न झालं नव्हतं म्हणावं की केलं नव्हतं म्हणावं, हे विचारायची सोय नव्हती. माझ्या आधीच्या एका मास्तरणीने विचारलं होतं म्हणे. त्यावर ताईंनी तिला कोळ्यातला नर कसा वागतो ते सांगितलं. पावसाळा आला की नर आपलं बीळ सोडून निघतो, मादीचं दार शोधतो, दाराबाहेर उभा राहून पायांनी थाप देतो, आणि आतून दार उघडलं तरच आत जातो. नाही उघडलं तर पुढे चालू लागतो. “एवढी रीत कोळ्याला कळते,” ताई म्हणाल्या. “माझ्याकडे आलेले सगळे थेट आत येऊन पाटावर बसले.” त्या मास्तरणीने पुन्हा विषय काढला नाही.

हिंदी त्यांना येत नव्हती असं नाही. दतिया गेटच्या भाजीवाल्याशी त्या अशी बुंदेली बोलायच्या की तो काटा मारायचं विसरायचा. पण राग आला, की मराठी शब्द हिंदीचं लुगडं नेसून बाहेर पडायचे. एकदा वर्गात तपासणीस येऊन मागे बसले होते. मुली कुजबुजत होत्या. ताई कडाडल्या, “जो गड़बड़ करेगी, उसको मैं कड़ी शिक्षा दूँगी!” तपासणीस खूश झाले. जाताना मोठ्या बहनजींना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, म्हणाले, अध्यापिका असावी तर अशी; बाकीच्या गडबड करणाऱ्या पोरींना वर्गाबाहेर काढतात, ही त्यांनाच जास्त शिकवायचं म्हणते. मी मराठी, पदराआड तोंड लपवून बसले. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग बरोबरच आहे की. शिकवणं हीच त्यांना शिक्षा.” आपलं ते खरं करायची कला त्यांच्याकडून घ्यावी.

शाळेत एकदा विज्ञानाचं प्रदर्शन होतं. मोठ्या बहनजींनी फर्मावलं, की एवढं कोळी-कोळी करता तर एक बाटलीत घालून आणा, लोकांना बघू दे. ताईंनी बाटली आणली. स्वच्छ घासलेली, झाकण लावलेली, रिकामी. खाली चिठ्ठी, ‘वे घर पर हैं।’ पाहुणे येत, वाकून बघत, चिठ्ठी वाचत आणि एकमेकांकडे बघत. मोठ्या बहनजी लालबुंद झाल्या. ताई म्हणाल्या, “जी, ते घर सोडत नाहीत, हेच तर त्यांचं वैशिष्ट्य आहे. दाखवलं ना मी?” त्यांच्या कपाटात फॉर्मॅलिनमधला बेडूक होता, झुरळं होती, पण कोळी एकही नव्हता. शेवटपर्यंत नव्हता.

आता घर कुठलं, ते सांगते. बेतवाचा पूल ओलांडला की गाडी रानात शिरते. पळस, तेंदू, करधई, मधूनच महुआ. तिथे पुढे एक लहानसा हॉल्ट आहे, जिथे पॅसेंजर जेमतेम दम घेण्यापुरती थांबायची. हॉल्टपासून थोडं मागे चालत आलं की रुळांना लागून मातीचा एक उतार लागतो. वर झाडी, खाली नाला, आणि मधे तांबूस, घट्ट, सावलीतली माती. पाणी साठत नाही, ऊन थेट पडत नाही. हा उतार म्हणजे ताईंचं माहेर, सासर, काशी, सगळं काही. आमचे हे रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे मला पास होता. ताई तिकीट काढायच्या. दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने त्या जायच्या, आणि वर्षा-दोन वर्षांनी मीही जाऊ लागले. मला कोळ्यांचं प्रेम होतं म्हणून नाही हं. घरी रविवारी पाहुणे फार यायचे.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही म्हणजे काही दिसलं नाही. माती, शेवाळ, वाळलेली पानं. ताई उताराच्या पायथ्याशी पोतं अंथरून सरळ पालथ्या झोपल्या, हातात गवताची काडी. “बघ,” म्हणाल्या. मी बघितलं. माती. “अगं, नीट बघ.” पुन्हा माती. मग त्यांनी काडीचं टोक एका जागी नेलं, आणि मला एक गोल रेघ दिसली. बाटलीच्या बुचापेक्षा जरा मोठी, कोणीतरी मातीवर सुईने काढल्यासारखी. ते दार होतं. मातीचं आणि रेशमाचं, एका बाजूने बिजागरी असलेलं, वर आजूबाजूचंच शेवाळ लावलेलं. एक दिसलं आणि मग दुसरं, तिसरं. सगळ्या उतारावर दारंच दारं होती. माझ्या अंगावर काटा आला. भीती नव्हती ती. कोणाच्या तरी आळीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

ताई कोळ्याला ‘ती’ म्हणायच्या. व्याकरण गेलं खड्ड्यात. “घर धरून राहते ती बाईच असते,” त्या सांगायच्या. ती लहानपणी आईच्या बिळातून बाहेर पडते, फार लांब जात नाही, चार पावलांवर आपलं बीळ खणते. आत रेशमाचं अस्तर लावते, वर दार बसवते. मग ती वाढते तसं घर वाढवत नेते. जन्मभर तेच घर. दाराशी बसून वाट बघायची, किडा-मुंगी जवळून गेली की दार उचलून झडप घालायची आणि परत आत. वर्षानुवर्षं. एवढी मोठी झालेली बाहेर काढून दुसरीकडे सोडली, तर तिला नवं घर धड जमत नाही. ऊन मारतं, नाहीतर पाखरू. “म्हणजे बघ,” ताई म्हणाल्या, “हा उतार गेला की त्यांचं गावच गेलं. आसपास मी सगळीकडे हिंडले. दुसरीकडे कुठे नाहीत.”

आणि एक नियम होता. दार उघडायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही. “मी आजवर एकही दार उघडलेलं नाही,” असं त्या ज्या तोऱ्यात सांगायच्या, त्या तोऱ्यात लोक गड जिंकल्याचं सांगतात. मी म्हटलं, मग आत काय आहे ते तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाल्या, पुस्तकांत वाचलं, आणि ज्या आपण होऊन बाहेर डोकावल्या त्यांना बघितलं. डोकावायला त्यांना अंधार लागतो, म्हणून ताई कातरवेळेपर्यंत थांबायच्या. मी कंटाळून पोळीभाजी खाऊन टाकायची.

रुळाकडेला पालथी पडलेली बाई म्हणजे रेल्वेवाल्यांना करमणूक. सुरुवातीला एक गँगमन लांबून बोंबलत धावत आला होता, की बाई जीव द्यायला आडवी झालीय. जवळ येऊन बघतो तर बाई त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करतेय. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. कोळशाची इंजिनं होती तेव्हा. ड्रायव्हर त्या वळणावर एक आखूड शिट्टी द्यायचे, ती ‘बहनजी की सीटी’ म्हणून ओळखली जायची. आमचे हे घरी येऊन सांगायचे, “तुमची मैत्रीण आज पुन्हा रुळाकडेला लवंडली होती.” सीपरी बाजारातल्या आमच्या शेजारणी मला विचारायच्या, त्यांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का. मी म्हणायची, झालाय, चांगला झालाय.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका रविवारी आम्ही गेलो, तर उतारावर चुन्याच्या रेघा.

दुसरी लाइन पडणार होती. भरावासाठी माती-मुरूम हवा होता, आणि रुळाला लागून एवढी सोयीची माती आणखी कुठे मिळणार? ठेकेदाराचा माणूस हॉल्टवर विडी ओढत बसला होता. त्याने सांगितलं, येत्या आठवड्यात घमेली-फावडी येतील, उतार सपाट होईल. तो बिचारा चांगल्या मनाने सांगत होता. त्याला वाटलं बहनजींना उतारावर चढायला त्रास होतो. ताई पोतं न अंथरता तशाच मातीत बसल्या. एका रेघेने एक दार बरोबर मधून कापलं होतं. चुना दाराच्या फटीत गेला होता. ताई पदराचं टोक ओलं करून तो चुना टिपत बसल्या, गाडी येईपर्यंत. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हे वेड नाही. या बाईचं सगळं इथे आहे, आणि आता ते जाणार आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही रेल्वेच्या इंजिनियरच्या ऑफिसात. साहेब तरुण होते, दक्षिणेकडचे, झाशीत नवे. हिंदी जपून बोलायचे, एकेक शब्द तपासून. शेजारी इथलाच एक बाबू, दुभाष्यासारखा. ताई रागाने थरथरत होत्या. म्हणजे हिंदीचं आता काही खरं नव्हतं.

“उस ढाल पर कोली रहते हैं,” ताई म्हणाल्या. “और आप उनके घर खोदने वाले हैं।”

साहेबांनी बाबूकडे बघितलं. बाबू म्हणाला, “कोरी, साहब। कोली भी बोलते हैं। बुनकर लोग।”

“हाँ, बुनते तो हैं ही,” ताई म्हणाल्या. “घर के अंदर सब रेशम।”

आता हे झाशीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या गावात कोरी समाजाची जुनी, मोठी वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणारी माणसं. त्यांनाच कोणी कोली म्हणतं. हे मला माहीत होतं, ताईंना माहीत होतं, अख्ख्या झाशीला माहीत होतं. पण आम्हा दोघींच्या डोक्यात त्या घटकेला कोळी म्हणजे कोळीच. आठ पायांचा. दुसरा अर्थ मनाला शिवलासुद्धा नाही.

“कितने घर होंगे?” साहेबांनी विचारलं.

“गिने नहीं। गिनने जाऊँ तो पाँव किसी के छप्पर पर पड़े।”

साहेब दचकले. “इतने पास-पास?”

“माँ के घर के बाजू में ही बेटियाँ घर बनाती हैं। पीढ़ियों से वहीं हैं। वहाँ से उठाया तो मर जाएँगी।”

“पानी कहाँ से लाते हैं?”

“पानी उनको लगता नहीं। ओस पर निभा लेते हैं।”

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग हलक्या आवाजात विचारलं, “और खाते क्या हैं?”

“जो दरवाज़े पर आ जाए,” ताई म्हणाल्या. “महीनों कुछ न आए तो भूखे बैठे रहते हैं। पर घर नहीं छोड़ते।”

साहेबांचा चेहरा पडला होता. शेवटी म्हणाले, मला हे कोणी सांगितलंच नाही, मी स्वतः रविवारी येऊन बघतो, तोवर तिथे फावडं पडणार नाही. बाहेर आल्यावर ताई जिना उतरताना म्हणाल्या, “बघ, कसा सुसंस्कृत माणूस आहे. कोळ्याचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं.” मलाही ते पटलं. आम्ही सीपरी बाजारात चाट खाल्ली. ताईंनी चाट खाल्ल्याचं मी तेवढं एकदाच बघितलं.

रविवारी पॅसेंजर हॉल्टला थांबली आणि आमच्या डब्यापुढच्या दोन डब्यांतून माणसंच माणसं उतरली. धोतरं, पागोटी, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेल्या बाया. बाबूने बातमी मोहल्ल्यात पोहोचवली होती. आपल्यातलीच माणसं रानात दव पिऊन राहतात आणि आता त्यांची घरं खणणार, हे ऐकून कोरी मोहल्ल्यातले लोक निघून आले होते. सोबत पिठाच्या पिशव्या होत्या, जुने कपडे होते, गुळाच्या भेल्या होत्या. पुढे एक म्हातारी होती, कमरेत वाकलेली पण नजर तीक्ष्ण. सगळे तिला काकी म्हणत होते. कोणालाही न ओळखता, न बघता, ही माणसं त्यांच्यासाठी पीठ घेऊन आली होती. त्या पिशव्या बघितल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ताईंचा हात धरला. त्यांनाही कळलं होतं.

तेवढ्यात साहेब मोटार ट्रॉलीवरून आले. बरोबर बाबू आणि ठेकेदार. सगळे उताराशी जमले आणि इकडे-तिकडे बघू लागले. “कितै हैं घर?” काकीने विचारलं. कुठे आहेत घरं?

पळ काढता आला असता. भाषेची चूक झाली, माफ करा, असं म्हणून गाडी धरता आली असती. मीच कानात म्हटलं, ताई, सांगून टाका आणि चला. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या पुढे झाल्या आणि स्वच्छ हिंदीत, एकही शब्द इकडचा तिकडे न होऊ देता, सगळं सांगितलं. आमच्या घरात मकडीला कोळी म्हणतात. मी त्यांच्याविषयी बोलत होते. घरं इथेच आहेत, या मातीत.

आधी कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. एक तरुण पुढे आला, हातातली पिशवी त्याने खाली ठेवली. “बहनजी,” तो म्हणाला, “आपने हमको मकड़ी बना दिया?”

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. बाबू पांढराफटक पडला होता. साहेबांचा जबडा आवळला गेला. आपल्याला वेड्यात काढलं असंच त्यांना वाटलं असणार. आणि ताईंनी हात जोडले. मी त्यांना कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. देवळातसुद्धा त्या नुसती मान लववायच्या. “भैया,” त्या म्हणाल्या, “आपको नहीं कहा था, पर आपको लगा, तो दोष मेरा। आप जिनके लिए आटा लेकर आए, वे आपके कोई नहीं निकले, इसकी माफ़ी माँगती हूँ। पर घर मैंने झूठे नहीं कहे थे।”

मग त्या वाकल्या. अंबाड्यातला आकडा काढला, तारेचा, साधा. आणि ज्या बाईने जन्मात एक दार उघडलं नव्हतं, तिने त्या आकड्याचं टोक एका दाराच्या कडेखाली सरकवलं. मला ते बघवेना. दार केसभर वर आलं, आणि आतून कोणीतरी ते ओढून खाली घेतलं. पुन्हा उचललं, पुन्हा आतून ओढलं गेलं. जोरात, ठणकावून.

साहेब गुडघ्यांवर बसले. पण ताईंनी आकडा त्यांना दिला नाही. त्यांनी तो काकीपुढे धरला.

काकी उताराशी टेकून बसली. तिने आकडा घेतला, दाराखाली घातला, उचललं. तिचे डोळे मोठे झाले. “जा तौ भीतर सें खैंच रई,” ती म्हणाली. ही तर आतून ओढतेय. मग तिने दाराच्या कडेला दिसणाऱ्या पांढऱ्या अस्तरावरून बोटाचं टोक फिरवलं. सगळं आयुष्य सुतात गेलेलं बोट होतं ते. बराच वेळ फिरवलं. “कैसो महीन बुनो है,” ती स्वतःशीच म्हणाली. किती तलम विणलंय. तिने आकडा काढून घेतला, दार आपोआप बसलं, आणि रेघसुद्धा दिसेनाशी झाली.

तो तरुण अजून तसाच उभा होता. काकी त्याच्याकडे वळली. “जब भीतर सें कोऊ किवार पकरें बैठी है,” ती म्हणाली, “तौ घर तौ भओ।” आतून कोणी दार धरून बसलंय, तर ते घरच झालं की. तो मान खाली घालून हसला. काकी उठली, आपल्या माणसांना म्हणाली, “पाँव देख कें धरियो सब जनें,” आणि ती सगळी माणसं, धोतरं-लुगडी सावरत, खाली बघत बघत मागे सरली. पिठाच्या पिशव्या त्यांनी हॉल्टवरच्या पोर्टरच्या घरी दिल्या. त्याच्याकडे लेकरं पुष्कळ होती.

मी मोठमोठी माणसं पाहिली आहेत. आमच्या गावाला शौर्याची काही कमी नाही. किल्ल्याकडे बोट दाखवून आम्ही सगळेच छाती फुगवतो. पण मला विचाराल तर माझी छाती त्या उतारावर भरून आली. एकीने आपली चूक सर्वांदेखत पदरात घेतली आणि आपलं म्हणणं तेवढं सोडलं नाही. दुसरीला अपमान वाटायला हरकत नव्हती, तर तिने परक्याचं घर ओळखलं. त्या दोघी माझ्या गावच्या, हे मी आजही कोणालाही सांगते, त्याने विचारलं असो वा नसो.

ठेकेदार मात्र घड्याळ बघत होता. त्याला मजूर लावायचे होते. “तो साहब,” तो म्हणाला, “कल से शुरू करूँ? यहाँ तो कोई निकला नहीं।”

साहेब अजून गुडघ्यांवरच होते. ते उठले, पलीकडे रुळांच्या दुसऱ्या बाजूच्या पडीक माळाकडे त्यांनी बोट केलं. “मिट्टी उधर से लो,” ते म्हणाले.

“उधर से तो दूर पड़ेगा, साहब। इधर से क्यों नहीं?”

साहेबांनी शब्द शोधला. त्यांची हिंदी नवीच होती, वेळ लागला.

“इधर आबादी है,” ते म्हणाले. मग त्यांनी बूट काढून हातात घेतले, आणि एकेक पाऊल बघत उतारावरून खाली उतरले.

मी ताईंकडे वळले. त्या माझ्याकडे पाठ करून रुळांकडे बघत होत्या, पदर डोळ्यांना लावलेला.

“काय झालं, ताई?”

“काही नाही गं. इंजिनाचा कोळसा गेला डोळ्यात.”

गाडी यायला अजून पुष्कळ वेळ होता.